अंगोलाचं पर्यटन लुआंडापासून सुरू करू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. नैऋत्य आफ्रिकेतल्या अंगोलाचं तेल ओसरत चाललंय, आणि पर्यटनाने त्याची जागा घ्यावी अशी अपेक्षा आहे. सरकारने २०२३मध्ये ९८ देशांच्या नागरिकांना पर्यटनासाठी व्हिसा माफ केला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राजधानी लुआंडाबाहेर भलामोठा विमानतळ उघडला, तरी पर्यटकांची रांग काही लागत नाही. घोडं अडतंय कुठे? आणि दुबईला जमलं ते अंगोलाला का जमू नये? विचारणारे पुण्याचे आहेत आणि पुढच्या वर्षी स्वतः जाऊन बघायचं म्हणताहेत, म्हणून शेवटी थोडं प्रवासाचंही लिहितो.

आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांत हॉटेलं आणि सहली या दोन्ही धंद्यांत माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या अनुभवावरून बनलेलं मत आधीच सांगून टाकतो. अंगोलाची स्पर्धा केनिया किंवा टांझानियाशी नाही, स्वतःच्याच तेलाशी आहे. तेलाचा पैसा जिथे जिथे पोचला, तिथे पर्यटनाला लागणारी प्रत्येक गोष्ट महाग आणि बेपर्वा झाली. म्हणून सुरुवात तेल जिथे पोचलं नाही तिथून करावी. म्हणजे राजधानीतून नाही, तर दक्षिणेच्या टोकाकडून, नामिबियाच्या सरहद्दीपासून वर.

हे नुसतं मत वाटू नये म्हणून हॉटेलचा हिशोब बघा. अंगोलाचं बहुतेक तेल समुद्रात, खोल पाण्यात आहे. तिथला परदेशी इंजिनिअर ठरावीक आठवडे रिगवर आणि तितकेच घरी, अशा पाळीने काम करतो. लुआंडात तो येता-जाता एखादी रात्र काढतो. बिल कंपनी भरते, तेही डॉलरच्या हिशोबात. त्याला हवं काय? पहाटे चारला नाश्ता, विमानतळापर्यंत गाडी, अखंड चालणारा जनरेटर, उंच भिंत आणि दारात पहारा. खोलीचं भाडं तो विचारतही नाही. अशा गिऱ्हाइकावर पोसलेल्या हॉटेलवाल्याने मुलाबाळांसह आलेल्या, तीन ठिकाणी भाव विचारणाऱ्या कुटुंबासाठी का झिजावं? तेलाच्या तेजीत लुआंडात साध्या खोलीला तीन-चारशे डॉलर पडायचे. परदेशी कर्मचाऱ्यांसाठी जगातलं सर्वांत महाग शहर कोणतं, या मर्सर नावाच्या सल्लागार कंपनीच्या यादीत लुआंडा २०१४, २०१५ आणि पुन्हा २०१७मध्ये पहिलं होतं. न्यूयॉर्क, लंडन मागे.

आणि महाग म्हणजे चांगलं, असंही नव्हतं. नळाला पाणी टँकरचं, वीज डिझेलची, नाश्त्याला लोणी पोर्तुगालचं आणि जेवणात कोंबडी ब्राझीलची. हा तोच देश, जो १९७५च्या स्वातंत्र्यापूर्वी कॉफी पिकवणाऱ्या देशांत जगात चौथा होता. स्वातंत्र्यानंतरच्या गृहयुद्धाने मळे ओस पडले हे खरं. पण फेब्रुवारी २००२मध्ये बंडखोरांचा नेता साव्हिंबी मारला गेला, एप्रिलमध्ये शांतता करार झाला, आणि त्यानंतरही शेती उठली नाही, याचं मोठं कारण तेल. डॉलरचा पूर आला की देशाचं चलन आपल्या ताकदीबाहेर महाग राहतं. मग बाहेरून आलेला बटाटा हुआम्बोच्या पठारावरच्या बटाट्यापेक्षा स्वस्त पडतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला ‘डच डिसीज’ म्हणतात. हॉटेलच्या मुदपाकखान्यात तो रोजच्या बिलात दिसतो.

२०१४च्या मध्यावर तेल कोसळलं तेव्हा अनेकांना वाटलं, आता खोल्या रिकाम्या पडतील, भाव उतरतील, पर्यटकाला दार उघडेल. खोल्या रिकाम्या पडल्या. भाव मात्र हवे तेवढे उतरले नाहीत, कारण कर्जं डॉलरची, डिझेलचा खर्च तोच, माल आयातीचा. वर डॉलरचा दुष्काळ. सरकारी दर एक, रस्त्यावरचा दर त्याच्या दुपटीहून जास्त. परदेशी विमान कंपन्यांचे तिकीटविक्रीचे पैसे देशात अडकून पडले, बाहेर नेता येईनात. ज्या देशात विमान कंपनीला स्वतःची कमाई घरी नेता येत नाही, तिथे ती फेऱ्या वाढवत नाही, कमी करते. जाहिरातीची फिल्म कितीही सुंदर काढा, विमानात जागाच नसेल तर ती फिल्म बघून कुणी करायचं काय?

दुबईची गोष्ट इथे हमखास काढली जाते. तिचं उत्तर सरळ आहे. दुबईकडे तेल मुळात थोडंच होतं, आणि ते तिच्या राज्यकर्त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते गाव आधीपासून व्यापाऱ्यांचं. बंदर आधी मोठं झालं, १९८५मध्ये स्वतःची विमान कंपनी उभी राहिली, आणि मुंबई तिथून तीन तासांवर. अंगोलाने नेमकं सगळ्यांत शेवटी यायचं ते, म्हणजे चकचकीत विमानतळ, आधी उचललं.

दुबईची नक्कल करायला गेलेल्या आफ्रिकी तेलवाल्यांची उदाहरणं जास्त बोधक आहेत, पण ती कुणी सांगत नाही. इक्वेटोरियल गिनीने २०११च्या आफ्रिकन युनियनच्या परिषदेसाठी मालाबोजवळ सिपोपो नावाचं आलिशान संकुल उभं केलं. प्रत्येक राष्ट्रप्रमुखाला स्वतंत्र बंगला, कृत्रिम किनारा, गोल्फचं मैदान. परिषद संपली आणि तिथे शुकशुकाट झाला, कारण त्या देशाचा व्हिसा मिळवणं हीच एक शिक्षा होती. नायजेरियाने कालाबारला टिनापा काढलं. २००७मध्ये मुक्त व्यापार क्षेत्र, दुकानं, हॉटेल, पाण्याचं उद्यान असं सगळं एकत्र उघडलं. पण तिथे घेतलेला माल करमुक्त बाहेर न्यायचा कसा, यावर कस्टमच्या नियमांचा घोळ मिटेना, आणि दुकानं बंद पडत गेली. गॅबॉनने २००२मध्ये एका दमात १३ राष्ट्रीय उद्यानं जाहीर केली. लोआंगोच्या किनाऱ्यावर समुद्राच्या लाटांत पाणघोडे उतरतात, असं दृश्य जगात फार थोड्या ठिकाणी दिसतं. तरी पर्यटक मूठभरच, कारण तिथवर पोचणं महाग आणि बेभरवशाचं. तेलाचं राज्य इमारत बांधू शकतं, फर्मान काढू शकतं. रोज सकाळी बोट वेळेवर सुटणं त्याला जमत नाही, कारण त्यात मोठं कंत्राट नसतं.

अंगोलातही याचं एक उदाहरण आहे. लुआंडाच्या दक्षिणेला, ७०-७५ किलोमीटरवर किसामा राष्ट्रीय उद्यान आहे. युद्धात तिथली जनावरं जवळपास संपली. २०००-०१मध्ये ‘नोहाज आर्क’ नावाच्या मोहिमेत दक्षिण आफ्रिका आणि बोत्स्वानातून हत्ती चक्क मालवाहू विमानांतून आणून सोडले. जगभर बातमी झाली. त्यानंतर वर्षानुवर्षं रेंजरचे पगार, कुंपणाची देखभाल, गाड्यांचे सुटे भाग या रटाळ गोष्टींना पैसा पुरला नाही. आज किसामा बरं आहे, वाईट नाही, पण राजधानीला खेटून असलेल्या उद्यानाने जे कमवायला हवं होतं, त्याच्या जवळपासही ते नाही.

आता दक्षिणेकडे या. लुबांगो हे शहर उंच पठारावर आहे, हवा महाबळेश्वरची आठवण करून देणारी. गृहयुद्धाची झळ हुआम्बो किंवा कुइतोच्या मानाने इथे पुष्कळ कमी बसली. शहराजवळ तुंडावाला नावाचा कडा आहे. पठार तिथे एकाएकी संपतं आणि खाली हजार मीटरहून जास्त खोलीवर मैदान पसरलेलं दिसतं. थोडं पुढे सेरा दा लेबाचा घाट, त्या एकामागोमाग एक वळणांचं चित्र अंगोलाच्या प्रत्येक पोस्टकार्डावर असतं. घाट उतरला की दोन-तीन तासांत हिरवळ विरते, वाळवंट लागतं आणि मोसामेदिश या समुद्रकाठच्या गावी तुम्ही पोचता. सकाळी स्वेटर, दुपारी नामिबचं वाळवंट, संध्याकाळी अटलांटिक, आणि सगळं मिळून जेमतेम १८० किलोमीटर. एवढ्या थोड्या अंतरात एवढा पालट मी या खंडात दुसरीकडे फारसा पाहिलेला नाही.

त्याच्याही खाली इओना राष्ट्रीय उद्यान, १५,१५० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या चौपट. पलीकडे सरहद्दीला लागून नामिबियाचा स्केलेटन कोस्ट. १८५९मध्ये फ्रीडरिश वेलविच या वनस्पतिशास्त्रज्ञाला जे विचित्र झाड पहिल्यांदा दिसलं, ते याच पट्ट्यात. दोनच पानं, तीच हजार-हजार वर्षं वाढत आणि फाटत राहतात. त्याचं नावच वेलविचिया पडलं. किनाऱ्यावर बाइया दुश टिग्रिश हे ओसाड मासेमारीचं गाव आहे. १९६२मध्ये समुद्राने जमिनीची चिंचोळी पट्टी तोडली, गावाचं बेट झालं आणि स्वातंत्र्यानंतर ते पार रिकामं झालं. तोंबुआहून कुनेने नदीच्या मुखापर्यंत एका बाजूला उंच वाळूचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये फक्त ओहोटीला मोकळी होणारी पट्टी. भरतीची वेळ चुकली तर गाडी गेली. दक्षिण आफ्रिकेतले फोर-बाय-फोरवाले या एका रस्त्यासाठी हजारो किलोमीटर येतात.

इओनाची व्यवस्था २०१९च्या अखेरीस सरकारने ‘आफ्रिकन पार्क्स’ या संस्थेच्या हाती दिली. ही संस्था आफ्रिकेतल्या अनेक देशांची उद्यानं दीर्घ कराराने चालवते. २०२३मध्ये त्यांनी नामिबियातून १४ जिराफ आणून इओनात सोडले. किसामाच्या हत्तींपेक्षा ही बातमी मला मोलाची वाटते, कारण या खेपेला जनावरांच्या आधी रेंजर, रेडिओ, गाड्या आणि पगाराचा बंदोबस्त झाला होता. अंगोलाने गेल्या वीस वर्षांत पर्यटनासाठी केलेलं सर्वांत शहाणपणाचं काम मला हेच वाटतं. विमानतळ त्याच्या बराच नंतर येतो.

दक्षिणेकडून सुरुवात करा म्हणतो त्याचं खरं कारण मात्र निसर्ग नाही, गिऱ्हाईक आहे. नामिबियात परदेशी पर्यटक आधीच येतो, स्वतः गाडी भाड्याने घेऊन फिरतो, तंबू टाकतो, एतोशाचं राष्ट्रीय उद्यान बघतो. त्याला नामिबियातल्या ओशिकांगोहून अंगोलातल्या सांता क्लाराला सरहद्द ओलांडायला लावणं हे युरोपातून कुणाला नव्याने लुआंडाला आणण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. विंडहुकची विमानं, नामिबियाच्या भाड्याच्या गाड्या, तिथल्या एजंटांची ओळख, सगळं तयार. अंगोलाने फक्त पाच-सहा दिवसांची पुरवणी विकायची. त्यात अडचणी आहेत, पण त्या सोडवता येतील अशा आहेत. नामिबियात गाडी आपल्यासारखी डावीकडून चालते, अंगोलात उजवीकडून, त्यामुळे उजव्या हाताच्या स्टिअरिंगने ट्रकला ओव्हरटेक करताना शेजारी बसलेल्याला डोळे फाडून बघावं लागतं. भाड्याच्या गाडीला सरहद्दीपलीकडे न्यायचं परवानगीपत्र लागतं. नाक्यावर कागदांना तासन्‌तास लागतात. परदेशी कार्ड मशिनवर चालेलच याचा भरवसा नाही, कारण सगळा व्यवहार मुल्तिकाइशा या त्यांच्या स्वतःच्या कार्डांच्या जाळ्यावर. सरकारने माझं ऐकायचं ठरवलं तर मी सांगेन, सांता क्लाराला पर्यटकांच्या गाड्यांसाठी एक वेगळी खिडकी उघडा, तिथे इंग्रजी येणारा एक माणूस बसवा, विमा, रस्ताकर आणि रोख क्वांझा (तिथलं चलन) एकाच ठिकाणी मिळू द्या. विमानतळाच्या एका खांबाच्या खर्चात होईल.

या वाटेवर एका गोष्टीची भीती मात्र वाटते. लुबांगो आणि मोसामेदिशच्या आसपास मुइला, मुकुबाल, हिंबा समाजाच्या वस्त्या आहेत. गाड्या थांबतात, कॅमेरे निघतात, नोटा फेकल्या जातात, गाड्या निघून जातात. नामिबियाच्या बाजूला याचे परिणाम बघून झालेत, तिथे काही वस्त्या नुसत्या फोटोसाठी मांडलेल्या दुकानांसारख्या झाल्या. अंगोलात अजून वेळ गेलेली नाही. वस्तीतल्याच माणसाला गाइडचा परवाना, माणशी ठरलेली रक्कम थेट गावाच्या खात्यात, आणि ठरवलेले दिवस सोडून प्रवेश नाही, इतके नियम लोंढा येण्याआधीच झाले पाहिजेत. नंतर कुणी ऐकत नाही.

आग्नेयेला दुसरी मोठी ठेव आहे आणि तिच्यात दैवाचा विनोदही आहे. बोत्स्वानातल्या ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशात एका रात्रीला हजार-हजार डॉलर मोजणारे पाहुणे येतात. ते पाणी जवळजवळ सगळं अंगोलाच्या पठारावर पडलेल्या पावसाचं, कुबांगू आणि कुइतो या नद्यांतून वाहत गेलेलं. पाऊस अंगोलाचा, कमाई बोत्स्वानाची. कारण उगमाकडच्या या प्रदेशात भूसुरुंग पेरलेले होते. साव्हिंबीचं मुख्य ठाणं जांबा इथलंच, कुइतो कुआनावालची १९८७-८८ची लढाई इथलीच. २०१९मध्ये सरकारने माविंगा आणि लुएंगे-लुइयाना या दोन राष्ट्रीय उद्यानांतली सुरुंगक्षेत्रं साफ करायला ६ कोटी डॉलर देण्याचं कबूल केलं, काम हालो ट्रस्ट या सुरुंग काढणाऱ्या संस्थेकडे आहे. तिथे घाई नको. एका पर्यटकाचा पाय सुरुंगावर पडला तर इओनाचीही पाच वर्षं बुडतील. तो पट्टा पुढच्या पिढीच्या धंद्यासाठी राखून ठेवावा.

मग लुआंडाने काहीच करायचं नाही का? करायचं, पण निराळ्या गिऱ्हाइकासाठी. २०२३च्या मे-जूनमध्ये डॉलरला ५००च्या आसपास असलेला क्वांझा ८००च्या पलीकडे घसरला. ज्या मध्यमवर्गीय लुआंडाकराची सुट्टी लिस्बनला व्हायची, त्याला ती परवडेनाशी झाली. हा माणूस आता मुसुलूला बोटीने जातो, काबू लेदूला लाटा बघायला जातो, मालांजेकडे कालांडुलाच्या धबधब्याला जातो. कालांडुला सुमारे १०५ मीटर उंच आणि ४०० मीटर रुंद आहे. समोरच्या काठावर पोर्तुगीज काळातलं अतिथिगृह दुरुस्त करून चालू केलंय, ते छानच आहे. पण कड्यावर धड कठडा नाही, स्वच्छतागृह शोधावं लागतं आणि वाट दाखवायला गावातली पोरं मागे लागतात. त्या पोरांना प्रशिक्षण आणि ओळखपत्र द्या, भाव क्वांझात लावा, शनिवार-रविवारचं गिऱ्हाईक जपा. परदेशी पाहुणा वर्षातले चार महिने येईल, लुआंडाकर बाराही महिने येतो. हॉटेलचा नोकरवर्ग टिकतो तो त्याच्यामुळे.

परदेशातून थेट लुआंडाला यावं असं एकच खरं कारण मला दिसतं, आणि ते जपून हाताळायचं आहे. ते म्हणजे गुलामांच्या व्यापाराची स्मृती. अटलांटिकपार नेलेल्या माणसांचा फार मोठा वाटा याच किनाऱ्यावरून गेला. १६१९मध्ये व्हर्जिनियाला उतरवलेले पहिले आफ्रिकी अंगोलाचेच. शहराबाहेर गुलामगिरीचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडन तिथे जाऊन बोलले. उत्तरेला कोंगो राज्याची राजधानी एम्बांझा कोंगो २०१७पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. ब्राझीलशी भाषा एक, पोर्तुगीज, आणि साओ पाउलोहून थेट विमान. पूर्वजांचं गाव शोधत येणारा माणूस खोलीच्या भाड्यावरून हटून बसत नाही, पण त्याला शिकलेला, अभ्यास केलेला गाइड हवा असतो. असे गाइड तयार करायला दोन-तीन वर्षं लागतात आणि ते काम विद्यापीठाचं आहे, कंत्राटदाराचं नाही.

तुमच्या प्रश्नातल्या एका गृहीतकाशी मात्र मी सहमत नाही. पर्यटन तेलाची जागा घेईल, असं धरून चालू नका. अंगोला २००८च्या सुमारास दिवसाला जवळपास १९ लाख पिंपं काढत होता, आता १० ते ११ लाखांच्या घरात आहे. उत्पादनाच्या कोट्यावरून वाद झाला म्हणून २०२३च्या डिसेंबरात त्याने ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेतून बाहेर पडत असल्याचंही जाहीर केलं. तरी निर्यातीतल्या दहा डॉलरांतले नऊ आजही तेलाचेच. तेवढे पैसे धबधबे आणि जिराफ सरकारी तिजोरीत कधीच भरणार नाहीत. पर्यटन देतं ते दुसरंच काही. खोल समुद्रातलं तेल फार थोड्या हातांना काम देतं, आणि साडेतीन कोटींहून जास्त लोकवस्तीच्या या देशात बहुसंख्य तरुण आहेत. जुलै २०२५मध्ये डिझेल ३००वरून ४०० क्वांझा झालं तेव्हा लुआंडात टॅक्सीवाल्यांचा संप पेटला, लुटालूट झाली, माणसं मेली. त्या तरुणांपैकी काहींना लुबांगोत, मोसामेदिशमध्ये, मालांजेत पगाराचं काम मिळणं, एवढं जरी पर्यटनाने साधलं तरी पुष्कळ. तिजोरीच्या मोजपट्टीने मोजाल तर हा धंदा कायम अपयशीच दिसेल आणि दर दोन वर्षांनी नवा मंत्री नवा आराखडा काढेल.

आता तुमच्या प्रवासाचं. भारतीय पासपोर्टला व्हिसामाफी आहे, एका खेपेला ३० दिवस आणि वर्षाला एकूण ९०. मुंबईहून अदिस अबाबा किंवा दुबईमार्गे लुआंडा गाठता येतं. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या, ती अधिकृत केंद्रावरच मिळते आणि पिवळं कार्ड परत येताना आपल्याकडच्या विमानतळावरही बघतात. ते नसेल तर सहा दिवस विलगीकरणात काढावे लागू शकतात. नामिबियातून शिरायचा बेत असेल तर तिथला व्हिसा वेगळा. डॉलर रोख न्या, नोटा नव्या आणि न दुमडलेल्या. सरकारी इमारती आणि पोलिसांचे फोटो काढू नका. इंग्रजीवर फार विसंबू नका. गोव्यात कुणी पोर्तुगीज बोलणारे ज्येष्ठ ओळखीचे असतील तर महिनाभर त्यांची शिकवणी लावा. धबधब्याला पाणी मार्च ते मे, वाळवंट आणि जनावरांसाठी जून ते सप्टेंबरचा कोरडा, थंड ‘कासिंबो’. दोन्ही एकाच फेरीत उरकायचं असेल तर मे महिन्याचं तिकीट काढा.